कानबाईच्या रात्री कोण गातं?

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे-नथ लावून देवी मांडतात, सुरत-पुण्याहून भाऊबंद गावच्या घरी येतात, सव्वाच्या मापाने घेतलेल्या गव्हाचे रोट होतात. रात्र जागवायची ती गाण्यांवर. सोमवारी कानबाई नदीवर निघते, ती आता अनेक गावांत डीजेच्या गाडीमागून. आवाज फार झाला, ही तक्रार सगळेच करतात. मला सलतं ते वेगळंच. रात्री ज्यांनी देवीला गाऊन जागवलं, त्या बाया सकाळी दुसऱ्याच कुणाच्या गाण्यावर नाचत असतात.

अहिराणी, म्हणजे खानदेशच्या बोलीतलं गाणं मुळात बायांच्या कामातून आणि सणांतून आलं. डफावर गायची वही ही लोकगीतं पुरुषांची, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या भोंगऱ्या सणाचा ढोल साऱ्या पाड्याचा. पण घरातलं गाणं बाईचं. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, सर्वांत श्रीमंत. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी झोक्याच्या लयीवर चढत-उतरत जातात. दोन गावांच्या पोरी नदीच्या किंवा शिवेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालत, हा तर आखाजीचा मानाचा भाग. वर्षभर सासरी तोंड मिटून राहिलेल्या पोरीला हवं ते बोलायची मुभा गाणंच देत होतं. सासू, दीर, माहेराहून न आलेलं मूळ, उशिरा आलेला भाऊ, सगळ्यांचा हिशेब तिथे व्हायचा.

ही ताकद मराठीला पहिल्यांदा कळली ती बहिणाबाई चौधरींमुळे. त्यांची बोली लेवा गणबोली, पण वळण तेच. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या, अक्षर न शिकलेल्या या बाईने जात्यावर आणि शेतात गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली. पुस्तक आलं 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बहिणाबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. पुढे ‘मानिनी’ (1961) या चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतल्या काही रचनांना चाली दिल्या. जातं सुटलं, वाद्यमेळ आला, गळा बदलला. पण शब्द त्याच बाईचे राहिले.

गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्याला यूट्यूबने जे दिलं, ते आधी कुणीच दिलं नव्हतं. 2011च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी गटातल्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर लोक होते. एवढ्या लोकांची बोली शाळेत ‘गावठी’ ठरायची. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं आलं आणि खानदेशाबाहेरच्या लग्नांतही पोरं अहिराणीवर नाचू लागली. पुण्यातल्या वसतिगृहात आपली बोली लपवणारा पोरगा ती मोठ्याने बोलू लागला असेल, तर हे यश मी मनापासून मोठं मानतो. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या पोरांनी साध्या कॅमेऱ्यावर हे उभं केलं, त्यांना नाक मुरडणाऱ्यांनी आधी एक गाणं तरी करून दाखवावं.

पण या गाण्यांचा विषय पाहा. पोरीचे झुमके, पोरीची चाल, पोरीची नजर, हळदीचा धिंगाणा. गायिकेचा आवाज असतो, शब्द मात्र बहुतेक वेळा पुरुषाने तिच्याकडे पाहून लिहिलेले असतात. गाणारी बाई गाण्याचा विषय झाली. कापसाचा भाव, केळीच्या बागेवरची मजुरी, सुरतेत लिंबायत-उधन्यात भाड्याच्या खोलीत नांदणारी खानदेशी सून, यांतलं काही त्या गाण्यांत क्वचितच येतं.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. भोजपुरी मजुरांनी त्रिनिदादला नेलेली लग्नातली गाणीही बायांचीच होती, बंद अंगणात पुरुषांना दूर ठेवून गायची, चावट आणि बिनधास्त. त्यांतूनच पुढे ‘चटणी’ संगीत झालं, आणि 1987 साली द्रुपती रामगुनाई नावाच्या तरुणीने त्याला कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या मांडवात नेऊन ‘चटणी सोका’ हे नावच देऊन टाकलं. तिच्यावर घरचे-बाहेरचे तुटून पडले. ती गात राहिली. तिथेही यंत्रं आली, ठेका वाढला, पण माईक बाईच्या हातात होता.

आपल्याकडे तो चावटपणा, तो राग अजून जिवंत आहे. आखाजीच्या दुपारी झोक्याजवळ जाऊन बसा. साठीतली एखादी आजी तासभर न थांबता गाते, आणि तिची नात शेजारी मोबाईलवर ते टिपत असते. ती नात उद्या स्वतःचे शब्द घेऊन जळगावच्या एखाद्या स्टुडिओत शिरली, तर ते गाणं मला ऐकायचं आहे.