ईश्वरी कोप व करुणा, ख्रिस्ती धर्मातील
पापाला शासन करणारा ईश्वर व पाप्याला क्षमा करणारा ईश्वर हा एकच कसा, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. जुन्या करारातील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात ईश्वर दयाळू व मंदक्रोध आहे. पण अपराध्याला निर्दोष ठरवीत नाही, असे लागोपाठ सांगितले आहे. दुसऱ्या शतकात मार्सिअनने जुन्या कराराचा न्यायी देव व येशूचा प्रेमळ पिता हे भिन्न मानून ही अडचण दूर केली. चर्चने हे मत पाखंडी ठरविले. ईश्वर रागावतच नाही, या तत्त्वज्ञांच्या मताला लॅक्टँशियसने चौथ्या शतकाच्या आरंभी उत्तर दिले : ज्याला वाइटाची चीड नाही, त्याला चांगल्याची आवडही असणार नाही.

वधस्तंभाच्या अर्थाविषयी मात्र एकमत झाले नाही. आन्सेल्म (१०३३–११०९) याच्या मते पापाने ईश्वराच्या प्रतिष्ठेचा भंग झाला व त्याची भरपाई ख्रिस्ताने केली. कॅल्व्हिनने (१५०९–६४) ख्रिस्ताने पाप्याची शिक्षाच भोगली, असे म्हटले. सी. एच. डॉड (१८८४–१९७३) या ब्रिटिश अभ्यासकाने कोप म्हणजे ईश्वराचा मनोविकार नसून पापाचा अटळ परिणाम होय, असे प्रतिपादन केले.

मराठीत हा प्रश्न एका शब्दाने वेगळाच झाला आहे. मराठी बायबलात ख्रिस्ताच्या मरणाला ‘प्रायश्चित्त’ म्हटले आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्यानेच घ्यावयाचे असते. कोकणातल्या वाचकाला ग्रामदेवतेचा कोप, त्यासाठी घातलेले गाऱ्हाणे व फेडलेला नवस हेही परिचित असते. तेथेही देणारा माणूसच. ख्रिस्ती मतात मात्र ज्याचा अपराध झाला, तोच प्रायश्चित्ताचा भार उचलतो. कोपिष्ट पित्याला दयाळू पुत्राने शांत केले, असा अर्थ लावणे म्हणूनच चुकीचे. तो मार्सिअनच्याच वाटेने जातो. प्रवचनांतून तो आजही ऐकू येतो, ही गोष्ट निराळी.

फादर स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या (१६१६) पहिल्या भागात जुन्या करारातील, तर दुसऱ्या भागात ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध आहे. मनुष्याचे पतन व जलप्रलय ऐकल्यानंतरच श्रोता वधस्तंभापाशी येतो. त्यामुळे करुणेला तिचे मोल प्राप्त होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट वेगळी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली व गुरू आहे. कोपाला तेथे फारसे स्थान नाही. ही आत्मीयता मराठी ख्रिस्ती काव्याची मोठी कमाई होय. तथापि तीत एक उणीव राहते. आई लेकराचा अपराध पोटात घालते. परंतु त्या अपराधाने ज्याचे नुकसान झाले, त्याला न्याय कोण देणार, हा जुन्या करारातील संदेष्ट्यांचा प्रश्न या प्रतिमेत मावत नाही. गरिबांना लुबाडणाऱ्यांवरील आमोसाचा संताप हा त्या गरिबांविषयीच्या कळवळ्याचाच भाग होता.

गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत येशू ‘प्याला’ टळावा, अशी विनंती करतो. यशयाच्या ५१ व्या अध्यायात प्याला हे ईश्वराच्या कोपाचे प्रतीक आहे. हा संदर्भ सुटला, तर ती प्रार्थना केवळ मरणाच्या भयाने व्याकुळ झालेल्या माणसाची ठरते. तो ध्यानी घेतल्यास कोप व करुणा त्या एकाच प्याल्यात आढळतात.