वर्गणी भरली, पण कोणत्या वर्षी?

पगाराच्या स्लिपवर नॅशनल इन्शुरन्सची एक ओळ असते. आपण तिला टॅक्सची धाकटी बहीण समजतो आणि खालचा आकडा बघतो. फंडिंग संपलं, माझी पोस्ट गेली, तेव्हा ती ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली. गप्पांमध्ये हा विषय पाच मिनिटांत उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर.

ब्रिटनमध्ये भरलेल्या वर्गणीवर मिळणाऱ्या बेकारी भत्त्याचं नाव न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स. २०२५-२६ मध्ये २५ वर्षांच्या पुढे आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस, पहिले सात दिवस कोरडे. बचत किती, नवरा किती कमावतो, यावर तो अडत नाही. १९४२ च्या बेव्हरिज अहवालातली मूळ कल्पना एवढी तरी शिल्लक आहे: हे दान नाही, वर्गणीचा हक्क आहे. पण बेव्हरिजकडे वर्गणीही ठोक होती आणि भत्ताही ठोक. आता घेताना टक्के आणि देताना ठोक. पगाराच्या प्रमाणात पुरवणी १९६६ मध्ये सुरू झाली, १९८२ मध्ये गेली. १९९६ मध्ये मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आली.

रक्कम तुटपुंजी आहे हे सगळेच म्हणतात. माझं भांडण कॅलेंडरशी आहे.

भत्त्याचं वर्ष जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. पात्रतेसाठी त्याआधी पूर्ण झालेली दोन कर-वर्षं बघतात, आणि कर-वर्ष सुरू होतं ६ एप्रिलला. दोन्ही वर्षांत ठराविक वर्गणी भरलेली किंवा खात्यावर जमा धरलेली हवी, आणि एका वर्षात तरी नोकरीतून प्रत्यक्ष भरलेली.

आता आपल्यासारख्यांचं बघा. पीएचडीच्या स्टायपेंडवर नॅशनल इन्शुरन्स कापत नाहीत. समजा, तुम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये पोस्टडॉकला लागलात आणि नोव्हेंबर २०२५ ला कपातीत नोकरी गेली. डिसेंबरात अर्ज केलात तर बघणार २०२२-२३ आणि २०२३-२४. पहिलं वर्ष रिकामं, म्हणून नकार. तोच अर्ज पहिल्यांदा ४ जानेवारी २०२६ नंतर केलात तर बघणार २०२३-२४ आणि २०२४-२५. अर्ध्या वर्षाचा पोस्टडॉकचा पगार पहिल्या वर्षाला पुरतो, दुसरं वर्ष भरलेलंच आहे. म्हणजे मंजूर! मधल्या काळात तुम्ही एक पेनीही जास्त भरलेली नाही. आणि ज्या २०२५-२६ मध्ये दर महिन्याला कापून घेतले, ते कर-वर्ष दोन्ही वेळा हिशोबातच नाही. याला वर्गणीचा हक्क म्हणायचं, की तारखेचं नशीब?

दुसरा अडसर भाषेचा. आपल्या व्हिसावर लिहिलेलं असतं, 'नो पब्लिक फंड्स'. वाचणारा साधा अर्थ लावतो: सरकारी पैशाला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात इमिग्रेशनच्या नियमांत 'पब्लिक फंड्स'ची ठरलेली यादी आहे. युनिव्हर्सल क्रेडिट त्यात आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, घरभाड्याची मदत आहे. वर्गणीवरचा हा भत्ता त्यात नाही. तो घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही.

हे मला कळायला तीन आठवडे लागले. शिकलेली बाई, आयुष्य बारीक अक्षरातले कागद वाचण्यात गेलंय, आणि स्वतःच्या व्हिसावरचे तीन शब्द चुकीचे वाचले. मागच्या तारखेपासून भत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी नियमात मोजकीच कारणं आहेत, आणि 'मला वाटलं हे माझ्यासाठी नाही' हे त्यात बसत नाही. २७६ पौंड गेले. आमच्या ग्रुपवर विचारलं तर चौघांपैकी तिघांनी अर्जच केला नव्हता. एकीला तर भीती की पुढे कायम राहण्याचा अर्ज अडेल.

कामाची माहिती एवढी: नोकरी सोडताना मिळालेल्या रिडन्डन्सीच्या रकमेने भत्ता कमी होत नाही, नोटिशीऐवजी पगार मिळाला असेल तर मात्र तेवढे दिवस थांबावं लागतं. मुदतीचं काँट्रॅक्ट संपून नूतनीकरण न होणं हेही कायद्याने कामावरून काढणंच आहे, त्यामुळे 'मी स्वतःहून सोडली' असं फॉर्मवर लिहू नका.

राहता राहिला १८२ दिवसांचा प्रश्न. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर नोकरी गेल्याचं कळवल्यावर होम ऑफिस साधारण ६० दिवसांची मुदत देतं. तेवढ्यात नवा स्पॉन्सर मिळाला नाही, तर उरलेल्या भत्त्याचे दिवस कागदावरच राहतात, आणि वर्गणी इथल्याच खात्यात.