मध्यरेषा आणि कडेचा माणूस

भाद्रपद जवळ आला, की पेणच्या गणेशमूर्तींची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरूनही दिसू लागतात. रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, सर्वांची तोंडे समोर, एक मूर्ती चौकटीच्या बरोबर मध्यभागी आणि तिच्या डाव्याउजव्या अंगांस सारख्याच मूर्ती. पाहताक्षणी चित्र देखणे वाटते. परंतु अशी दहा चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर कोणते कोणी काढले हे सांगता येत नाही, आणि पहिल्या चित्रातून पेणविषयी जे कळले त्याहून अधिक दहाव्यातून कळत नाही. या सारखेपणाचे मूळ रचनेच्या एका सवयीत आहे, असे आम्हांला वाटते. त्या सवयीचा विचार येथे करावयाचा आहे.

चौकटीच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि तिची एक बाजू दुसरीचे आरशातील प्रतिबिंब असावे अशी भासली, तर त्या रचनेस आपण सममित म्हणतो. पाण्यातील प्रतिबिंबात हीच रेघ आडवी होते. सममितीने चित्राला स्थैर्य येते. नजर इकडेतिकडे न धावता मध्यावर विसावते. म्हणूनच देवालयांचे दर्शनी भाग, वेदी, सिंहासने, राजमुद्रा यांची घडण बहुधा सममित असते. छायाचित्रात ती साधणे मात्र दिसते तितके सोपे नाही. कॅमेरा नेमक्या अक्षावर उभा असावा लागतो, क्षितिज सरळ असावे लागते, आणि भिंत व भिंग एकमेकांस समांतर असावी लागतात. यांत किंचित चूक झाली, तर जे हाती येते ते सममितही नसते आणि असममितही नसते. तो केवळ निष्काळजीपणा दिसतो.

पेणच्या कारखान्यांतील सममिती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तेथे साचा आहे, आणि साच्याचे कामच सारखेपणा निर्माण करणे हे आहे. पेण शहरात, तसेच हमरापूर आणि जोहे या गावांत, घरोघरी आणि मांडवोमांडवी मूर्ती रांगेने उभ्या असतात. ती रांग टिपणारा छायाचित्रकार खरेच टिपत असतो. पण तो अर्धे खरे टिपतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीकडेच नीट पाहावे. दोन कान, दोन खांदे, मांडी घालून बसलेले अंग, हे सारे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस तोलून धरलेले. आणि त्या रेषेवरूनच निघालेली सोंड मात्र एका बाजूस, बहुधा डावीकडे, वळलेली. एक दात पुरा, एक अर्धा. चार हातांत चार निरनिराळ्या मुद्रा. या मूर्तीचा जिवंतपणा सममितीत जितका आहे, तितकाच तिच्या मोडण्यातही आहे. मूर्तिकाराला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते मूर्तीचे चित्र घेणाऱ्याने विसरावे, हे आश्चर्यच.

साच्यानंतरचे काम हाताचे असते. पेणची ख्याती विशेषतः डोळ्यांच्या आखणीसाठी आहे. बारीक कुंचला घेऊन कारागीर मूर्तीसमोर बसतो, आणि शंभर सारख्या चेहऱ्यांना एकेक करून दृष्टी देतो. कॅमेरा मूर्तीच्या थेट समोर ठेवला, तर हा कारागीर एक तर मध्ये येतो किंवा बाहेर काढला जातो; आणि बहुतेक वेळा तो बाहेरच जातो. म्हणून त्या दहा चित्रांत माणूस नसतो. कॅमेरा दोन पावले बाजूला नेला, की मूर्तीचा चेहरा चौकटीच्या एका तृतीयांशात जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुंचला धरलेला हात व त्यामागचा वाकलेला माणूस दिसू लागतो. मूर्ती मोठी, हात लहान. तरीही तोल जात नाही. मुलांच्या सी-सॉवर जड मूल मध्याजवळ आणि हलके मूल टोकाशी बसले, तर फळी सरळ राहते, तसाच हा तोल आहे. असममिती म्हणजे तोलाचा अभाव नव्हे. तो निराळ्या रीतीने साधलेला तोल होय.

हा भेद आपल्या घरांतील एका परिचित चित्रावरून चटकन ध्यानी येतो. लिओनार्दो दा विंचीने मिलान येथील मठाच्या भोजनगृहात 1495 ते 1498 च्या सुमारास रंगविलेले ‘अंतिम भोजन’ आपल्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले आहे. ख्रिस्त मध्यभागी, दोन्ही अंगांस सहा सहा प्रेषित, तेही तिघातिघांच्या गटांनी. मांडणी इतकी काटेकोर, तरी कोणताही गट दुसऱ्याचे प्रतिबिंब नाही. सर्वांमध्ये खळबळ आहे, आणि ती खळबळ जाणवते ती मधली आकृती स्थिर असल्यामुळेच. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1592 ते 1594 मध्ये, तिंतोरेत्तोने व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे चर्चसाठी हाच प्रसंग चितारला. त्याचे मेज तिरके, खोलवर जाणारे. आणि आपल्या सर्वांत जवळ कोण, तर भांडी उचलणारी, वाढणारी सेवक मंडळी. ख्रिस्ताला त्याच्या तेजामुळे शोधावे लागते. एका चित्रकाराने प्रसंगाचे गांभीर्य दाखविले, दुसऱ्याने तो प्रसंग कोणाच्या घरात, कोणाच्या कष्टांच्या शेजारी घडला हे दाखविले. दोघांनाही आपल्याला काय सांगावयाचे आहे हे आधी ठाऊक होते, आणि रचना त्यामागून आली.

पेणहून रोह्यास गेले, तर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतो. रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, आणि तिला सशस्त्र पोलिसांकडून मानवंदना दिली जाते. पोलिसांची सरळ रांग हे सममितीचे तयार चित्र. ते घ्यावेच, मानवंदनेचा अर्थच शिस्त हा आहे. परंतु पालखी खांद्यांवर असते, खांदे कमीजास्त उंचीचे असतात, आणि गर्दीला मध्यरेषा नसते. रांगेची शिस्त आणि गर्दीचा लोट एकाच चौकटीत आले, तरच तो दिवस चित्रात येतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ याने 1932 मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे घेतलेले चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेत आहे. त्याचे प्रतिबिंब पाण्यात उमटले आहे, पण टाच अजून पाण्याला लागलेली नाही. पाण्याने सममिती दिली, माणसाने ती पुढच्याच क्षणी मोडावयास घेतली. रोह्याच्या कुंडलिकेत उमटलेल्या काठाची शांत चित्रे घेणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे. नदीवर होडी येते, माणूस येतो. त्यांची वाट पाहण्याइतका धीर मात्र हवा.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मध्यभाग टाळला म्हणजे कला झाली, असे नाही. चौकटीचे तीन भाग करण्याचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 मध्ये ग्रंथात मांडला. आज त्याच्या रेघा प्रत्येक भ्रमणध्वनीत मिळतात. त्या रेघांवर डोळे मिटून विषय ठेवणारा आणि डोळे मिटून मध्यावर ठेवणारा, या दोघांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. सवय बदलली, विचार आला नाही.

आपल्या धर्मग्रामातील प्रथम ख्रिस्तप्रसादाचे किंवा लग्नाचे सामूहिक छायाचित्र आठवावे. उंचीप्रमाणे रांगा, मध्यभागी धर्मगुरू किंवा वधूवर, दोन्ही बाजूंस सारखी माणसे. ते असावेच, कारण त्या दिवशी आपण एक समाज आहोत याची ती साक्ष असते. परंतु संख्या सारखी करण्यासाठी एखाद्या आजीला ‘जरा बाजूला व्हा’ म्हटले जाते, स्वयंपाकात गुंतलेली बाई चौकटीत येतच नाही, आणि वर्षांनंतर अल्बम उघडल्यावर आपण नेमकी तीच माणसे शोधत राहतो. सामूहिक चित्र झाल्यावर छायाचित्रकाराने आणखी एक चित्र घ्यावे: दोन पावले बाजूला जाऊन, रांगा मोडत असताना. आजी बसली आहे, नातू तिच्या खांद्यावर रेलला आहे, आणि उरलेल्या जागेत दारातून कोणी ताटे घेऊन येत आहे. अल्बममध्ये ही दोन चित्रे समोरासमोरच्या पानांवर लावावीत.