घाट ओलांडणारे आणि घाटात राहणारे

या व्याख्यानमालेत एरवी पुस्तकांविषयी, लेखकांविषयी बोललं जातं. आज आम्ही एक रस्ता वाचायला घेतला आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून निघालं की वेरूळ लागतं, पुढे कन्नड, आणि कन्नड सोडलं की पठार एकदम तुटतं. खाली खानदेश दिसतो. तिथून चाळीसगावला उतरणारा तो कन्नड घाट. सरकारी कागदात त्याचं नाव औट्रम घाट.

रस्ता वाचायचा म्हणजे काय? तर या घाटाविषयी आणि सातमाळा-अजिंठा डोंगररांगेतल्या वाटांविषयी दोन हजार वर्षांत जे जे लिहिलं गेलं, ते समोर ठेवायचं आणि समीक्षक जे प्रश्न कादंबरीला विचारतो तेच त्याला विचारायचे. हे कोण सांगतंय? कुठे उभं राहून सांगतंय? आणि या गोष्टीत बोलण्याची पाळी कोणाला मिळालेलीच नाही?

पहिला मजकूर परक्याचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आहे, तेर आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तेरहून कापड येतं, आणि हा माल गाड्यांतून, जिथे धड रस्ते नाहीत अशा मुलखातून भडोचला उतरतो. आता गंमत बघा. मालाची यादी आहे, दिवसांचा हिशेब आहे. मधला डोंगर मात्र ‘रस्ता नसलेला मुलूख’ एवढ्यातच संपला. लिहिणारा बंदरावर बसलेला आहे. त्याच्या दृष्टीने डोंगर म्हणजे माल यायला लागणारा उशीर.

याच्या शेजारी दुसरा मजकूर ठेवू. कन्नडजवळ डोंगराच्या कडेला पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची. पैठण-भडोच मार्गाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. पैठणचा मितदेव आहे, गंधिकाच्या म्हणजे सुगंधी वस्तूंचा व्यापार करणाऱ्या कुळातला. पैठणच्याच संघकाची मुलं आहेत. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव आहे. म्हणजे याच डोंगरात व्यापारी नुसता पुढे गेला नाही. तो थांबला, काहीतरी देऊन गेला आणि आपलं नाव ठेवून गेला. तरीही हे नाव पैठणचंच. ज्यांच्या डोंगरात हे सगळं कोरलं गेलं त्यांच्यापैकी कोणी या खांबांवर नाही.

तिसरा मजकूर आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. घाट उतरून खाली गेलं की चाळीसगावजवळ पाटणं आहे, पाटणादेवीचं. तिथला 1207 चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं, अशी ही हकिकत. राजधानी देवगिरी घाटावर आणि गणिताचा मठ घाटाखाली! पण आपल्याला आज गणिताशी काम नाही. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि मठ चालायचा कशावर ते तिथे लिहिलंय. बाजारात येणाऱ्या ग्राहकाकडून पाच पोफळी. चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल. हा तपशील बारीक आहे, पण त्यावर जरा थांबा. पोफळ काही खानदेशात पिकत नाही. ती समुद्रकाठची वस्तू, कुठली तरी वाट चढून-उतरून इथे आलेली. आणि ती ज्या गावात विकली जाते त्या गावाचा तिच्यावर वाटा आहे. म्हणजे वाटेने येणाऱ्याने वाटेवरच्या गावाला काही द्यायचं, हा नियम मराठीत लिहायला लागलो तेव्हापासून आपल्या भाषेत आहे.

त्याच शतकातला ‘लीळाचरित्र’ हा आपला पहिला मोठा गद्यग्रंथ तर चालण्याचाच ग्रंथ आहे. चक्रधर आपल्याच या मुलखात फिरले. पैठण, वेरूळ, खाली शेंदुर्णी. त्या ग्रंथात प्रवास अंतराने मोजलेला नाही, मुक्कामाने मोजलेला आहे. पुढे महानुभावांनी ‘स्थानपोथी’ केली. तिच्यात स्वामी कुठे बसले, देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचं दार कोणत्या दिशेला, अशी नोंद आहे. वाटेवरच्या लहानसहान गावांनाही तिथे पत्ता मिळालाय. रस्त्याकडे पाहण्याची ही एक देशी रीत. रस्ता म्हणजे थांबण्याच्या जागांची माळ.

मग ही रीत बदलली कधी? आमच्या मते फौजांच्या आणि दप्तरांच्या मराठी-फारसी-इंग्रजी कागदांत ती हळूहळू बदलत गेली आणि एकोणिसाव्या शतकात पुरती बदलली. 23 सप्टेंबर 1803 ला आसईची लढाई झाली. त्या काळातली वेलस्लीची पत्रं वाचली तर घाटाविषयी त्याचा मुख्य प्रश्न एकच दिसतो, फौज आणि तोफा कुठून उतरतील? सेनापतीने असंच विचारायचं, त्यात त्याची चूक नाही. पण पुढे शांततेच्या काळातही तोच प्रश्न राहिला, फक्त तोफेच्या जागी बैलगाडी आली. 1880 चं खानदेशचं गॅझेटिअर घ्या. घाटांची नोंद रस्ते आणि व्यापाराच्या भागात, कोणता घाट गाडीला चालतो, कोणता नाही. आणि भिल्लांची नोंद लोकसंख्येच्या भागात, त्यांच्या चालीरीतींसकट. एकाच पुस्तकात घाट एका प्रकरणात आणि घाटातला माणूस दुसऱ्या. दोघांची गाठ पडते ती फक्त लूटमारीच्या वर्णनात.

आणि इथेच खरी मेख आहे. या रांगेतले भिल्ल नाईक परंपरेने घाटांची रखवाली करायचे आणि त्याबद्दल त्यांचा हक्क असायचा. पाटण्याच्या ग्राहकाकडून पोफळी घेतल्या तर तो धर्मादाय. डोंगरातल्या नाईकाने घेतलं तर ती लूट. 1818 नंतर कंपनी सरकारने काही नाईक पकडले, काहींना नेमणुका बांधून दिल्या. 1825 मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी करायला घेतली, धरणगावला तिचं ठाणं होतं. डोंगरातल्यांनाच गणवेश चढवून डोंगर राखायला लावला. पुढे घाटाला नाव लागलं ते औट्रमचं. 1986 मध्ये सुमारे 260 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, त्याच्याही नावात गौताळ्याच्या जोडीला औट्रम आहेच. आम्ही काही नाव बदला म्हणत नाही, ती हौस आपल्याकडे इतरांना पुष्कळ आहे. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांनी घाट राखला त्यांच्यापैकी एकाचंही नाव या रस्त्यावर नाही, एवढं वाचकाने नोंदवून ठेवावं.

लमाणांचंही तेच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ज्यांचे तांडे देशभर घाट चढत-उतरत होते, ते या रस्त्यांचे जुने वाहतूकदार. गाडीरस्ते झाले, चाळीसगावहून आगगाडी गेली, आणि त्यांचा धंदा बसला. 1871 च्या कायद्याने अनेक फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. आज कन्नड आणि चाळीसगाव दोन्ही तालुक्यांत डोंगराच्या अंगाला तांडे आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास तिथली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. ज्यांनी रस्ता घडवला त्यांना आता रस्ता फक्त बाहेर घेऊन जातो.

एवढं सगळं सांगितलं ते आजच्यासाठी. आता आजचा मजकूर वाचू. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 आहे, पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत. आपल्याकडे त्याला सोलापूर-धुळे महामार्ग म्हणतात. दोन्ही नावांत घाट नाही, फक्त टोकं आहेत. 2021 च्या ऑगस्टअखेरीस मोठा पाऊस झाला, घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली. 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून जड वाहनं बंद झाली. बोगद्याची चर्चा तर दशकाहून जुनी आहे. या सगळ्यावर बातम्या आल्या, निवेदनं आली. त्यांची भाषा पाहा. किती तास वाचतील, किती किलोमीटरचा वळसा पडतो, ट्रकच्या रांगा कुठवर गेल्या. सगळे आकडे ओलांडणाऱ्याचे. पेरिप्लसवाल्याचे वीस दिवस आणि आपले वाचणारे तास, हिशेब एकाच वहीतला आहे.

इथे कोणी म्हणेल, मग घाट तसाच ठेवायचा का? अजिबात नाही. त्या वळणांवर माणसं मेली आहेत. कापूस, कांदा, केळी याच रस्त्यांनी फिरतात. रात्री-बेरात्री गंभीर पेशंट घेऊन निघालेली गाडी दहा-दहा तास जाममध्ये अडकावी असं कोणाला वाटेल? आपल्या शहरात ‘घाटी’ म्हटलं की सरकारी दवाखाना समजतात, आणि आजूबाजूच्या डोंगरातला माणूस शेवटी तिथेच येतो. जड वाहनं जंगलातून गेली नाहीत तर अभयारण्यातली जनावरंही सुटकेचा श्वास टाकतील. बोगद्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे.

आमचा मुद्दा वेगळा आहे. बोगदा कोणाला जोडतो हे त्याच्या तोंडांवरून ठरतं. हिमाचलात 3 ऑक्टोबर 2020 ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचे लोक महिनोन् महिने अडकून पडायचे. त्या बोगद्याचं एक तोंड लाहौलच्या खोऱ्यातच उघडतं, म्हणून तो डोंगरातल्या माणसांचाही झाला. आपल्याकडे एक तोंड पठारावर आणि दुसरं खानदेशच्या सपाटीवर येणार. मधला डोंगर वर राहील आणि महामार्ग त्याच्या पोटातून निघून जाईल. मग जुन्या घाटाचं काय? तो तेव्हा महामार्ग असणार नाही. त्याच्या दरडी कोण काढणार? त्याच्या मोऱ्या कोण साफ करणार? आणि वाहतूक हटल्यावर एस.टी. तरी त्या वाटेने का जाईल? बोगद्याच्या चर्चेत हे वाक्य आम्हाला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही, आणि ज्याला त्या डोंगरातच राहायचंय त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

शेजारच्या सोयगाव तालुक्याकडे पाहिलं की ही भीती पोकळ नाही हे कळतं. निजामाच्या राज्याची हद्द घाट उतरून खाली गेली होती, म्हणून अजिंठ्याच्या डोंगराखालचा हा मुलूख आपल्या जिल्ह्यात राहिला. जळगाव त्यांना बरंच जवळ, पण जिल्ह्याच्या कामाला घाट चढून इकडे यायचं. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी याच तालुक्यात आहेत. 1819 मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने ती ‘शोधली’ असं आपण शाळेत शिकतो. लेण्यांजवळच्या गावाचं नाव लेणापूर आहे. गावाच्या नावातच लेणी आहे, आणि शोध मात्र दुसऱ्याचा! जग पाहायला येतं त्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा ओरड झाली ती पर्यटकांचे हाल होतात म्हणून. फर्दापूरहून रोज वर-खाली करणाऱ्याचे हाल त्या ओरडीच्या आडोशाला राहिले. ना. धों. महानोर पळसखेड्याचे, याच तालुक्यातले. ‘रानातल्या कविता’ 1967 मध्ये आली तेव्हा मराठी कवितेला या डोंगरपायथ्याचं रान पहिल्यांदा तिथल्या माणसाच्या नजरेने दिसलं. राहणाऱ्याने लिहिलं की मुलूख कसा बदलतो, याचं ते उदाहरण.

खानदेशातल्याच वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आदिवासींच्या वतीने दुसरेच व्यासपीठावरून बोलत राहतात, हा तिचा विषय. घाटाच्या बाबतीत तेच झालंय. आमचंही व्याख्यान त्याच व्यासपीठावरून चाललंय, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून शेवटी मत देण्याऐवजी एक कसोटी देतो. यापुढे या घाटाविषयी काहीही वाचाल, बातमी, अहवाल, निवडणुकीतलं आश्वासन, कविता, तर त्याला दोन प्रश्न विचारा. हा रस्ता किती वेळात ओलांडता येईल, हा पहिला. तो सगळेच विचारतात. आणि डोंगरातल्या माणसाला या रस्त्यावर नेमकं कुठे चढता येईल, हा दुसरा. पाटण्याच्या शिलालेखाने आठशे वर्षांपूर्वी वाटेवरच्या गावाचा वाटा लिहून ठेवला होता. नवा बोगदा झाला तर त्याच्या करारात जुन्या घाटाची देखभाल, त्यावरची एस.टी. आणि तांड्या-पाड्यांचे जोडरस्ते लिहिलेले असावेत, एवढी तरी ओळ आपण मागू शकतो. ती कागदावर आली तरच ती झाली असं समजायचं.

आता प्रश्न घेऊ. आणि घाटाच्या अंगाने, तांड्यातून, पाड्यातून कोणी हे ऐकत असेल तर आधी त्यांनी बोलावं.