नगरधनचे भुयार आणि नंदिवर्धनाचे थर

नागपुरच्या नंदनवन भागातील काही मंडळींसह आम्ही नुकताच नगरधनचा किल्ला पाहिला. रामटेकच्या दक्षिणेस असलेले हे गाव वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होय, असे सामान्यतः मानले जाते. (नंदनवन व नंदिवर्धन यांच्या नामसाम्यावरून एका गृहस्थांनी वाटेतच एक उपपत्ती रचली, ती येथे नोंदविण्याच्या योग्यतेची नाही.) मंडळींचा आग्रह एकच होता : जमिनीखाली जे गुप्त आहे ते पाहावयाचे. या आग्रहास स्थळदर्शक जे उत्तर देतात, त्याचे थोडे परीक्षण करणे आम्हास अवश्य वाटते.

किल्ल्याच्या आवारात विहिरीलगत, भूपृष्ठाखाली, देवीचे ठाणे आहे. पायऱ्या उतरताना अंगास गारवा लागतो, उजेड मागे राहतो आणि मन सहजच प्राचीन काळी जाते. तथापि मनाचे हे जाणे पुरावा नव्हे. किल्ल्याचे आजचे बांधकाम भोसलेकालीन समजले जाते. वाकाटक त्यापूर्वी सुमारे तेराशे वर्षांचे. भुईखालची प्रत्येक वास्तू भुईवरच्या वास्तूहून जुनी, हा समज निराधार आहे.

पुढे भुयाराची कथा निघतेच. महाराष्ट्रात भुयाराची वदंता नसलेला किल्ला विरळा. अशी कथा ऐकली म्हणजे काही साधे प्रश्न विचारावेत. खोदलेली माती कोठे टाकली? आत हवा कशी खेळत होती? पावसाळ्यातील पाणी कोठून निघत होते? जेथे भूमिगत मार्ग खरोखर आहेत, तेथे या प्रश्नांची उत्तरे जमिनीवरच दिसतात. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची वाट ओळीने असलेल्या कुंड्यांच्या तोंडांवरून वरूनच कळते. औरंगाबादेस मलिक अंबराच्या नहरीचीही ओळख अशाच खुणांवरून पटते. नगरधनास आम्हास भुयाराचे म्हणून एक बुजलेले तोंड दाखविण्यात आले. वरील प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर दाखविणाऱ्याजवळ नव्हते.

खेद याचा की, खरे भूमिगत नगर तेथेच असून त्याकडे कोणी बोट दाखविले नाही. डेक्कन कॉलेज व राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी 2015 ते 2018 या काळात येथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेचा मातीचा मुद्राठसा सापडला : ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव, आणि शंखाचे चिन्ह. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या, दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. पतीच्या पश्चात अल्पवयी पुत्राच्या नावे तिने राज्य चालविले. तिचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. पण ताम्रपट हा प्रवासी : विदर्भाच्या राजधानीत कोरलेला, आणि उजेडात आला पुण्यास! म्हणून तो एकटा स्थळनिश्चयास पुरत नाही.

मुद्राठशाचेही अंशतः तसेच आहे, हे मान्य केले पाहिजे. पत्रास लावलेला ठसा पत्राबरोबर दूर जातो. तेव्हा तो सापडला एवढ्यावरून राणी तेथेच राहत होती असे सिद्ध होत नाही. त्याचे वजन वाढते ते तो कोठे सापडला यामुळे. भिंतीच्या अवशेषांशी असलेले त्याचे सान्निध्य आणि त्या काळच्या वस्तीचे इतर अवशेष यांच्याशी ताम्रपटातील नाव जुळले, म्हणजे नगरधन हेच नंदिवर्धन या मतास भक्कम आधार मिळतो. तोच ठसा एखाद्या हौशी माणसाने उकरून दिवाणखान्यात ठेवला असता, तर राणीचे नाव उरले असते. राजधानीविषयी त्याला काही सांगता आले नसते.

म्हणूनच भुयाराची कथा आम्हास केवळ करमणूक वाटत नाही. भुयारापाठोपाठ धनाची गोष्ट येते, धनापाठोपाठ कुदळ. आणि कुदळीस थर कळत नाहीत. त्यापेक्षा येणाऱ्यास मुद्राठशाचे एक छायाचित्र दाखवून, तो कशाजवळ मिळाला एवढे जरी सांगितले, तरी पाव घटकेत अधिक इतिहास कळेल. पुढील प्रवरसेनाने राजधानी प्रवरपुरास नेली, हेही सांगावे. प्रवरपूर पवनार की मनसर, या वादात त्याला ओढण्याचे कारण नाही.

परतताना आमच्यातील एका मुलाने नांगरलेल्या शेतातून खापराचा एक तुकडा उचलला होता. आम्ही त्यास तो होता तेथेच ठेवावयास लावले. मंडळींस आमचे वागणे रुक्ष वाटले असावे. नंदनवन येईपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही.