साक्ष कोणी द्यायची? पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनाचे एक वाचन

नाचणगावातील माझे एक ज्येष्ठ स्नेही गेल्या वर्षी वारले. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण अखेरच्या दहाबारा वर्षांत त्यांनी चर्चची पायरी चढली नाही, प्रार्थनाही सोडली. दफनानंतर पुलगावहून आलेल्या नातलगांत हलक्या आवाजात वाद झाला. त्यांचे तारण झाले की नाही? मी ख्रिस्ती नाही, तरी तो प्रश्न घेऊन मी पंडिता रमाबाईंची १९०७ सालची साक्ष पुन्हा वाचली.

हा वाद जुना आहे. १६१८-१९च्या डॉर्ट धर्मसभेने कॅल्व्हिनच्या परंपरेतून सांगितले, की खरा विश्वासी कायमचा ढळत नाही; जो ढळला त्याचा विश्वास मुळात खरा नव्हता. वेस्लीचे म्हणणे उलट: खरा विश्वासही गमावता येतो. पहिल्या मतात सातत्य ही विश्वासाची खूण आहे, दुसऱ्यात ती तारणाची अट आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाचा दृष्टान्त एका बाजूला आधार देतो, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील इशारे दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रात स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर पहिली परंपरा आली, मेथडिस्टांबरोबर दुसरी.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. साक्षीत मात्र त्या म्हणतात, की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो सुमारे आठ वर्षांनी भेटला. याला निमित्त झालेले पुस्तक विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे. स्वतःच प्रवचन देत असताना आपले परिवर्तन झाले, असे सांगणारा हा माणूस. दीक्षा आधी, विश्वास नंतर, हा त्याच्या कथेचा साचा रमाबाईंच्या कथनातही दिसतो.

इथेच माझा आक्षेप आहे. त्या आठ वर्षांत रमाबाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिले (१८८७), मुंबईत शारदा सदन काढले (१८८९), आणि त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर वाँटेजच्या भगिनींशी सदसद्विवेकाच्या बळावर वाद घातला. ही वर्षे विश्वासाविना गेली असे म्हणणे मला जड जाते. १९०५च्या मुक्ती सदनातील पुनरुज्जीवनानंतर लिहिलेले हे कथन मागच्या काळाला नंतरच्या अनुभूतीच्या उजेडात पाहते, आणि त्या उजेडात पूर्वीची धडपड फिकी पडते.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ‘माझा तेव्हाचा विश्वास खरा नव्हता’ असे म्हणण्याचा अधिकार रमाबाईंना आहे, कारण त्या स्वतःविषयी बोलतात.

मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’. ठेवणे म्हणजे एकदा नेऊन ठेवणे, आणि जपून राखणेही. योहानाच्या मूळ ग्रीकमधील ‘विश्वास ठेवणारा’ हे रूप वर्तमानकालीन, चालू कृतीचे आहे. अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या रमाबाईंच्या हाताखालून ही रूपे रोज जात असतील. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. १८९१चा क्षण त्यांनी कितीही निर्णायक मानला, तरी त्यापुढची तीस वर्षे तो विश्वास त्यांनी रोज राखलेला दिसतो. माझ्या वाचनात सातत्य हे तारणाचे मोल ठरत नाही. जिवंत विश्वासाचे ते रूपच आहे.

मग आमच्या स्नेह्यांचे काय? डॉर्टचे सूत्र त्यांना लावले, तर त्यांची आधीची चाळीस वर्षेही खोटी ठरतात. वेस्लीचे लावले, तर शेवटची दहा वर्षे त्यांना बुडवतात. दोन्ही निकालांसाठी त्यांच्या मनात काय होते ते ठाऊक हवे. साक्ष हा प्रथमपुरुषी वाङ्मयप्रकार आहे, आणि रमाबाईंच्या पुस्तकाचे बळ त्यातच आहे. त्या दिवशी नातलग दुसऱ्याची साक्ष देत होते. ती द्यायला ज्याचा अधिकार होता, तो बोलायला उरला नव्हता.