एझ्रा जॅक कीट्स यांचा पीटर

अल्पसंख्याक समाजातील मूल बालपुस्तकात आले की बहुधा काहीतरी शिकवायला येते. कधी सलोखा, कधी दया. अमेरिकन लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स यांनी असे मूल निव्वळ खेळण्यासाठी पुस्तकात आणले. त्यांचे मोठेपण आम्हांस इथेच दिसते.

कीट्स यांचा जन्म १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूद्वेषाच्या वातावरणात त्यांनी १९४७ साली ते बदलले. नावावरून माणूस जोखला जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. 'लाइफ' साप्ताहिकात १९४० साली आलेली एका कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे त्यांनी वीस वर्षे जपली. त्यांतूनच १९६२ साली 'द स्नोई डे'मधला पीटर साकारला.

पीटर लाल पोशाख घालून बर्फात पावले उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळतो. कथा एवढीच. आईचा झगा कपाटात अंथरायच्या मेणकापडाचा, तर रात्रीची पार्श्वभूमी टूथब्रशने उडवलेल्या शाईची. या पुस्तकाला १९६३ साली कॅल्डिकॉट पदक मिळाले.

१९६५ साली समीक्षक नॅन्सी लॅरिक यांनी दोन आक्षेप घेतले : पीटर काळा असल्याचे मजकुरात कुठेच येत नाही आणि त्याच्या आईचे चित्र ठरावीक साच्यातले आहे. पहिला आक्षेप आम्हांस पटत नाही. चित्र बोलत असता शब्दांनी वर्णाची हजेरी कशाला घ्यावी? दुसरा मात्र झटकून टाकता येत नाही. पुढे 'पीटर्स चेअर' (१९६७) मध्ये वडील आणि तान्ही बहीण येते, पीटरचे घर भरते. 'गॉगल्स!' (१९६९) मध्ये तो वस्तीतल्या दांडग्या पोरांना चुकवतो. पीटरला वाढू देणे, हेच कीट्स यांचे उत्तर होते.

कीट्स १९८३ साली वारले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतून सर्वाधिक वेळा वाचायला नेलेले पुस्तक 'द स्नोई डे' असल्याचे २०२० साली जाहीर झाले, ४,८५,५८३ वेळा!

आमच्या लेखक-चित्रकारांनी यातून एवढेच घ्यावे : मोहल्ल्यातले मूल ईदच्या पानाबाहेरही रंगवावे. पावसात भिजताना, पतंगामागे धावताना, काहीही न शिकवता.